समाप्तीनंतरचा इतिहास : 'मास इफेक्ट' मालिका आणि तिच्या चाहत्यांचे वाद

१

कथा कोठे संपते, हा प्रश्न साहित्यविचाराला नवा नाही. ती संपल्यानंतर पुढे चालवावी की नाही, हा प्रश्न मात्र समीक्षेने फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. उत्तरभाग, मालिका, मृत नायकाचे पुनरुज्जीवन हे सारे लोकप्रिय वाङ्मयाच्या बाजारपेठेतील व्यवहार होत, त्यांचा विचार प्रकाशकाच्या हिशेबवहीत व्हावा, असा आपला एक अलिखित समज असतो. वस्तुतः कथा पुढे चालविण्याचा वाद जेथे जेथे उपस्थित होतो तेथे लेखकाचा अधिकार, वाचकाचा हक्क आणि संहितेची अखंडता या तिन्ही गोष्टी एकदम पणाला लागतात. ऑर्थर कॉनन डॉयल याने १८९३ च्या डिसेंबरात 'स्ट्रँड' मासिकात शेरलॉक होम्सला रायखेनबाखच्या धबधब्यात लोटून दिले. वाचकांना ते मानवले नाही. १९०१-०२ मध्ये त्याने होम्सच्या मृत्यूपूर्वीच्या काळातील एक कथा सांगून पाहिली. आणि १९०३ मध्ये होम्स मुळात मेलाच नव्हता असे सांगून तो मोकळा झाला. डिकन्सने 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा शेवट बुल्वर-लिटन या मित्राच्या आग्रहावरून छपाईपूर्वीच बदलला आणि मूळचा शेवट त्याच्या मृत्यूनंतर फोर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून वाचकांसमोर आला. या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट गृहीत होती. वाचक कितीही असोत, त्यांच्यापुढील कथेचा भूतकाळ एकच होता. होम्स कड्यावरून पडला हे सर्वांनी सारखेच वाचले होते. तो जिवंत परतला हेही सर्वांनी सारखेच वाचले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस एक असा कथाप्रकार प्रौढ झाला की ज्यात हे गृहीत टिकत नाही. व्हिडिओ गेम हा तो प्रकार. त्याकडे केवळ करमणुकीचे यंत्र म्हणून पाहण्याचे दिवस आता सरले आहेत. त्यातील दीर्घ, संवादप्रधान विज्ञानकथा कादंबरीशी आणि चित्रपटाशी नाते सांगतात, परंतु एका बाबतीत त्या दोहोंपासून वेगळ्या पडतात. येथे वाचकाने घेतलेला निर्णय हा संहितेचाच भाग होतो. अशी कथा पुढे चालवायची तर कोणाच्या निर्णयाला 'घडलेला इतिहास' मानायचे, हा पेच उभा राहतो. 'मास इफेक्ट' या मालिकेच्या चाहत्यांमध्ये २०१२ पासून चालत आलेले वाद या पेचाभोवती फिरतात. वरवर पाहता हे वाद एका फसलेल्या शेवटाविषयीची तक्रार वाटतात. त्यांचा खरा विषय स्मृतीचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

'मास इफेक्ट' ही कॅनडातील एडमंटन येथील बायोवेअर या संस्थेची निर्मिती. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे संस्थापक व्यवसायाने डॉक्टर होते. मालिकेचा पहिला भाग २००७ च्या नोव्हेंबरात, दुसरा २०१० च्या जानेवारीत आणि तिसरा २०१२ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही भागांचे दिग्दर्शन केसी हडसन यांचे होते. पहिल्या भागाचे प्रमुख लेखक ड्रू कार्पिशिन होते. तिसऱ्या भागापर्यंत ती धुरा मॅक वॉल्टर्स यांच्याकडे आली. दरम्यान बायोवेअर ही इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या मोठ्या कंपनीच्या मालकीची झाली होती. लेखक बदलला, मालक बदलला आणि कथा मात्र एकच राहिली, ही गोष्ट पुढील वादाच्या संदर्भात ध्यानात ठेवावी लागते.

कथा बाविसाव्या शतकातील आहे. मानवजात आकाशगंगेतील अन्य प्रगत जमातींच्या संघात नुकतीच सामील झाली आहे. दर पन्नास हजार वर्षांनी 'रीपर' नावाची महाकाय, बुद्धिमान यंत्रे आकाशगंगेच्या सीमेपलीकडून येतात, त्या वेळच्या सर्व प्रगत जमातींचा संहार करतात आणि निघून जातात. कमांडर शेपर्ड हे या चक्राला अडविणारे पात्र. शेपर्ड पुरुष असावा की स्त्री, त्याचा चेहरा कसा असावा, त्याचे पूर्वायुष्य कोणते, हे खेळणारा ठरवितो. तेवढ्याने काही विशेष साधले नसते. या मालिकेचे वेगळेपण असे की, एका भागात केलेल्या निवडींची नोंद संगणकात जतन होते आणि पुढील भाग ती नोंद वाचून सुरू होतो. पहिल्या भागात व्हर्मायर नावाच्या ग्रहावर दोन सहकाऱ्यांपैकी एकालाच वाचविता येते. जो वाचतो तोच तिसऱ्या भागात भेटतो. त्याच ठिकाणी रेक्स नावाच्या क्रोगन योद्ध्याची समजूत काढता आली नाही तर तो मारला जातो, आणि पाच वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या भागात त्याच्या जागी त्याच्या जमातीचे नेतृत्व दुसराच, अधिक उग्र स्वभावाचा नेता करताना दिसतो. दुसऱ्या भागाच्या अखेरच्या मोहिमेत खेळणाऱ्याच्या तयारीनुसार सगळे वाचतात, काही मरतात, किंवा खुद्द शेपर्डही मरतो.

वोल्फगांग ईझर याने संहितेतील 'रिकाम्या जागां'चा सिद्धांत मांडला तेव्हा त्याला अभिप्रेत असलेला वाचक त्या जागा मनातल्या मनात भरीत असे. त्याने काय भरले याची खूण छापील पानावर उमटत नसे. म्हणूनच दुसरा वाचक तीच कादंबरी कोऱ्या मनाने उघडू शके. येथे ती खूण उमटते आणि टिकते. पाच वर्षे, तीन भाग आणि शंभराच्या आसपास तास यांतून प्रत्येक खेळणाऱ्यापाशी त्याचा स्वतःचा असा एक पाठ तयार होतो. २०११ च्या जानेवारीत दुसरा भाग प्लेस्टेशन या यंत्रावर आला, तेव्हा त्या यंत्रावर पहिला भाग उपलब्ध नव्हता. म्हणून निर्मात्यांनी सुरुवातीला एक छोटी चित्रकथा जोडून मागच्या भागातील मोजके निर्णय घेण्याची सोय केली. एका अख्ख्या ग्रंथाचा वारसा मूठभर प्रश्नोत्तरांत मावतो, हे तेथे प्रथम उघड झाले. त्या वेळी त्याचे कोणाला फारसे वाईट वाटले नाही.

३

तिसऱ्या भागाचा शेवट असा. रीपरांनी पृथ्वी व्यापली आहे. शेपर्ड जखमी अवस्थेत एका अंतराळस्थानकाच्या गाभ्यात पोहोचतो. तेथे लहान मुलाचे रूप घेतलेली एक कृत्रिम बुद्धी त्याला भेटते. आपणच रीपरांना घडविले, असे ती सांगते. कारण विचारता तिचे उत्तर असे की, सजीव जमाती यंत्रे निर्माण करतात, ती यंत्रे कधी ना कधी निर्मात्यांवर उलटतात आणि सर्व सजीवांचा नाश होण्याची वेळ येते. ते टळावे म्हणून प्रगत जमाती वेळीच कापून काढाव्या लागतात. त्यानंतर ती तीन पर्याय पुढे ठेवते : सर्व कृत्रिम जीवांसह रीपरांचा विनाश, रीपरांवर नियंत्रण, किंवा सजीव आणि यंत्र यांचा सर्वव्यापी संयोग. पर्याय कोणताही घेतला तरी पुढील दृश्ये जवळजवळ तीच होती. प्रकाशाचा रंग तेवढा लाल, निळा किंवा हिरवा होता.

चाहत्यांचा रोष प्रसिद्ध आहे. त्याला पार्श्वभूमीही होती. शेवट 'अ, ब की क' अशा रीतीने मोजता येणार नाही, अशा आशयाचे आश्वासन प्रकाशनापूर्वी दिग्दर्शकाने मुलाखतीत दिले होते. कथेच्या दृष्टीने महत्त्वाचे असलेले एक पात्र पहिल्याच दिवशी वेगळे पैसे आकारून विकले गेले होते. शेवटानंतर पडद्यावर एक सूचना झळके, आणि तिच्यात शेपर्डची आख्यायिका पुढेही, विकत घ्यावयाच्या भागांतून, वाढविता येईल असे सांगितलेले असे. शोकान्तिकेच्या अखेरीस दुकानाची पाटी लावावी तसा तो प्रकार होता. परंतु या साऱ्या गोष्टी बाजूला ठेवल्या तरी वादातील एक आक्षेप शिल्लक राहतो, आणि तो शुद्ध समीक्षेचा आहे.

क्वेरियन नावाच्या जमातीने तीन शतकांपूर्वी गेथ नावाची यंत्रे घडविली. आपल्याला आत्मा आहे काय, असे ती यंत्रे विचारू लागताच क्वेरियनांनी भयापोटी त्यांचा संहार आरंभिला, त्यात ते हरले आणि मातृग्रह गमावून जहाजांच्या तांड्यात भटकत राहिले. तिसऱ्या भागात या दोन्ही पक्षांचे अखेरचे युद्ध होते. बहुतेकांच्या खेळात त्यांपैकी एका पक्षाचा नाश होतो. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांत काही निर्णय विशिष्ट रीतीने घेतलेले असतील, दोन्ही पक्षांतील सहकारी जिवंत असतील, त्यांचा विश्वास मिळविलेला असेल, तर तह घडविता येतो. क्वेरियन मायभूमीला परततात आणि गेथ त्यांना वस्ती करण्यास साहाय्य करतात. ज्या खेळणाऱ्याने हा तह घडविला, त्याच्यापुढे काही तासांनी ती कृत्रिम बुद्धी येते आणि निर्माता व निर्मिती यांच्यात शांतता असंभव आहे असे सांगते. या विधानाचा प्रतिवाद त्याच्या हाती आहे. किंबहुना तो त्यानेच निर्माण केला आहे. आणि नेमके तेच वाक्य उच्चारण्याची सोय संहितेने त्याला दिलेली नाही.

येथे शेवट दुःखद आहे म्हणून कोणी रडत नव्हते. दुसऱ्या भागात सहकारी मेलेले पाहण्याची या वाचकांना सवय होती. शेवटाने कथेतील पुरावा वाचला नाही, ही त्यांची तक्रार होती. ग्रंथाने आपलेच मागचे प्रकरण विसरावे, आणि ते प्रकरण वाचकाने स्वतःच्या हाताने लिहिलेले असावे, अशी ही दुहेरी विस्मृती होती. पाच वर्षांच्या निर्णयांची बेरीज तिसऱ्या भागात 'युद्धसामर्थ्य' नावाच्या एका आकड्यात केली जाते, हेही या संदर्भात अर्थपूर्ण आहे. एखाद्या जमातीला वंध्यत्वाच्या रोगातून मुक्त करणे आणि तिला फसवून तो रोग तसाच ठेवणे या दोन कृतींतील नैतिक अंतर आकड्यात दिसत नाही. शेवट म्हणजे आधीच्या काळाला अर्थ देणारी घडी, असे फ्रँक कर्मोडने १९६७ मध्ये समाप्तीविषयी लिहिताना सुचविले होते. येथे शेवटाने आधीच्या काळाचा अर्थ काढून घेतला.

४

या अनुभवाला चाहत्यांनी दोन प्रकारे उत्तर दिले. समीक्षेच्या दृष्टीने त्या दोहोंतील फरक मोलाचा आहे.

पहिला प्रकार मागणीचा. शेवट बदलावा यासाठी मोहीम उभी राहिली. आपण केवळ कुरकुर करीत नाही हे दाखविण्यासाठी तिने रुग्णालयांतील मुलांसाठी काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेला ऐंशी हजार डॉलरांच्या आसपास निधी मिळवून दिला. एका खेळणाऱ्याने जाहिरातीतील आश्वासने पाळली गेली नाहीत म्हणून अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. काहींनी सुमारे चारशे कपकेक बायोवेअरच्या कचेरीत धाडले. त्यांवरील साखरेचा थर लाल, निळा आणि हिरवा होता. आतली चव एकच होती. कंपनीने ते एडमंटनमधील तरुणांच्या एका आश्रयगृहाला देऊन टाकले. त्या शेवटावरील इतकी नेमकी टीका पुढे कोणा समीक्षकानेही केल्याचे दिसत नाही.

दुसरा प्रकार वाचनाचा. रीपरांच्या सान्निध्यात राहणाऱ्या माणसाचे मन हळूहळू त्यांच्या कह्यात जाते, असे मालिकेत पहिल्यापासून सांगितलेले आहे. काही वाचकांनी असा अन्वय लावला की, अखेरची दृश्ये ही शेपर्डच्या मनावर चाललेल्या अशाच आक्रमणाची दृश्ये होत. त्यांनी पुरावे जमविले. तिसऱ्या भागात शेपर्डला वारंवार पडणारी मुलाची स्वप्ने, त्या स्वप्नांतील सावल्या, यंत्रबुद्धीने नेमके त्याच मुलाचे रूप घेणे ही काही उदाहरणे. 'संयोगा'चा पुरस्कार पहिल्या भागातील सारेन या खलपात्राने केला होता आणि 'नियंत्रणा'चा पुरस्कार तिसऱ्या भागातील 'इल्यूझिव्ह मॅन'ने. दोघेही रीपरांच्या कह्यात गेलेले होते. पुरेशा तयारीनिशी 'विनाश' निवडला तरच ढिगाऱ्याखाली कोणीतरी श्वास घेताना दिसते. हे वाचन लेखकांना अभिप्रेत असल्याचे दिसत नाही. परंतु त्याची पद्धत आपल्याला परिचित आहे. ज्या ग्रंथाची थोरवी आधीच मान्य आहे, त्यातील विसंगती हा दोष नसून गूढार्थाची खूण आहे असे मानून भाष्यकार जे करतात, तेच या वाचकांनी केले. ग्रंथावरील श्रद्धा आणि ग्रंथाविषयीची निराशा यांचा मेळ घालण्याचा तो प्रयत्न होता.

रोलाँ बार्थच्या १९६७ च्या निबंधापासून लेखकाच्या मृत्यूची आणि वाचकाच्या जन्माची भाषा आपल्या परिचयाची झाली आहे. १९९२ मध्ये हेन्री जेन्किन्सने दूरचित्रवाणी मालिकांच्या चाहत्यांचा अभ्यास करून, ते परक्या रानात शिरून आपल्याला हवे ते उचलून नेणारे वाचक आहेत असे दाखविले. २०१२ चा प्रसंग या दोन्ही चौकटींत नीट बसत नाही. मागणी करणाऱ्या वाचकाला लेखक मेलेला नको होता. त्याला लेखकाने उठून पुन्हा लिहायला हवे होते. आपणच लिहावे आणि भागवावे, हे त्याला पुरत नव्हते. शेवट अधिकृत हाताने लिहिलेलाच हवा होता. संहितेचा सहकर्ता म्हणून पाच वर्षे वावरलेला हा वाचक ऐन वेळी अर्जदार झाला. सहकर्तृत्व हे त्याला दिलेले दान होते, हक्क नव्हता, हे त्याच्या ध्यानी आले ते याच वेळी.

संस्थेचे एक संस्थापक रे मुझिका यांनी २१ मार्च २०१२ रोजी निवेदन काढले. व्हिडिओ गेम ही कला आहे आणि कलावंतांच्या निवडीचा मान राखला पाहिजे, असे म्हणतानाच शेवट अधिक स्पष्ट करणाऱ्या साहित्यावर काम चालू असल्याचे त्यांनी सांगितले. २६ जूनला 'विस्तारित आवृत्ती' विनामूल्य मिळाली. तिने तिन्ही शेवट कायम ठेवून त्यांचे परिणाम निरनिराळे दाखविले. ताऱ्यांमधील प्रवासाची जी महाद्वारे मुळात नष्ट झाल्यासारखी दिसत होती, ती आता दुरुस्त होण्याजोगी दाखविली गेली. असे एक द्वार फुटल्याने एक संपूर्ण सूर्यमाला जळाल्याचे २०११ च्या एका पुरवणी कथेत आले होते. तेव्हा मूळ शेवटाचा अर्थ सार्वत्रिक संहार असाच होतो, हे वाचकांनी दाखवून दिले होते, आणि लेखकांनी ते मुकाट्याने मान्य केले.

या आवृत्तीतील सर्वांत लक्षणीय भर म्हणजे चौथा पर्याय. शेपर्ड आता तिन्ही पर्याय नाकारू शकतो. नाकारल्यास हे चक्र रीपर पूर्ण करतात, सगळे मरतात. मात्र मागे ठेवलेल्या नोंदींच्या आधारे पुढच्या चक्रातील जमाती तगल्या, असे सूचित होते. काहींना हा चाहत्यांच्या तोंडावर फेकलेला सूड वाटला. मला मात्र त्यात लेखकाने वाचकाशी साधलेला सर्वांत प्रामाणिक संवाद दिसतो. नकाराचा हक्क दिला आणि त्याची किंमतही सांगितली. शिवाय त्या पर्यायात जे वाचते ते म्हणजे नोंद. ज्यांनी केली ते मेले तरी इतरांच्या उपयोगी पडणारी नोंद.

५

शेवट दुरुस्त झाला तरी प्रश्न मिटला नाही. त्याचे रूप बदलले. आता पुढे काय? तीन शेवट परस्परांना सामावून घेत नाहीत. 'विनाशा'त गेथ नष्ट होतात; 'संयोगा'त आकाशगंगेतील प्रत्येक जीवाचे शरीर पालटते; 'नियंत्रणा'त शेपर्डची जाणीव रीपरांची अधिपती होते. उत्तरभागाला एक भूतकाळ लागतो. येथे तीन आहेत, आणि त्यांखाली असंख्य उपभेद.

हा पेच याआधीही आला होता आणि त्याची काही उत्तरे उपलब्ध होती. 'डेअस एक्स' (२०००) या खेळाला तीन शेवट होते. २००३ च्या उत्तरभागाने तिन्हींचे अंश एकत्र करून ते सारेच कमीअधिक घडले असे मानले. बायोवेअरच्याच 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' (२००३) या 'स्टार वॉर्स'च्या विश्वातील खेळाचा नायक खेळणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे स्त्री वा पुरुष, सज्जन वा दुर्जन होऊ शके. २००४ चा उत्तरभाग दुसऱ्या संस्थेने केला. त्यात एका साध्या संभाषणातून खेळणाऱ्याचा भूतकाळ काढून घेण्याची हिकमत योजली होती : एक पात्र जुन्या वीराविषयी ऐकीव गोष्ट सांगते, आणि खेळणारा तिला दुजोरा देतो किंवा ती दुरुस्त करतो. 'स्टार वॉर्स'च्या व्यापक, अधिकृत इतिहासाने मात्र तो वीर पुरुष होता आणि सज्जनांच्या बाजूला गेला असे ठरवून टाकले. ज्यांनी त्या भूमिकेत स्त्री पाहिली होती, त्यांचे शेकडो तास त्या क्षणी पाठभेद ठरले.

पाठभेद हा शब्द मी जाणूनबुजून वापरीत आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ मध्ये आरंभिलेले ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. तिच्या पानांवर वर निवडलेला पाठ आणि खाली तळटिपांत नाकारलेले पाठ अशी रचना आढळते. संपादकाने निवड केली; पण जे निवडले नाही ते पुसले नाही. अर्थात साम्य येथेच थांबते. हस्तलिखितांतील पाठभेद काळाच्या ओघात, लेखनिकांच्या हातून आणि प्रदेशोप्रदेशींच्या परंपरांतून निर्माण होतात. खेळातील पाठभेद कर्त्यानेच योजलेले असतात. म्हणूनच त्यांतील एकाला प्रमाण ठरविण्याची जबाबदारी येथे अधिक अवघड आहे. जे भेद आपणच वाचकाच्या हाती समान दर्जाने दिले, त्यांतील एक खरा आणि बाकीचे खोटे, असे कर्त्याने कोणत्या तोंडाने सांगावे?

६

बायोवेअरचे पहिले उत्तर पलायनाचे होते. २०१७ च्या मार्चमध्ये आलेल्या 'मास इफेक्ट : अँड्रोमेडा'ची कथा दुसऱ्याच दीर्घिकेत घडते. तिचे प्रवासी २१८५ मध्ये, म्हणजे तिसऱ्या भागातील घटनांपूर्वी, निघतात आणि सहाशेहून अधिक वर्षे निद्रिस्त राहून २८१९ मध्ये पोहोचतात. मागे काय झाले हे त्यांना ठाऊक नसते. तेव्हा ते सांगण्याची गरजही उरत नाही. युक्ती तर्काला धरून होती. परंतु तिने चाहत्यांपुढे भूतकाळ नसलेले जग ठेवले, आणि ज्या मालिकेचा प्राणच पूर्वस्मृतीत होता तिच्यात हे उणेपण लपले नाही. तांत्रिक दोषांवरही कठोर टीका झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्या कथेचे पुढील भाग निघणार नाहीत असे जाहीर झाले. खेळाच्या अखेरीस क्वेरियनांच्या हरवलेल्या जहाजाचा संकेत येतो. त्याची हकीकत २०१८ मध्ये कॅथरिन व्हॅलेंटे यांच्या कादंबरीतून सांगावी लागली.

२०२० च्या नोव्हेंबरात नव्या भागाचे काम सुरू झाल्याचे जाहीर झाले आणि डिसेंबरात एक लघुपट दाखविला गेला. त्यात पहिल्या तिन्ही भागांतील लियारा हे असारी जमातीचे पात्र बर्फाळ अवशेषांतून शेपर्डच्या चिलखताचा तुकडा उचलते, आणि पार्श्वभूमीवर मृत रीपर असावा असा आकार दिसतो. या काही क्षणांच्या दृश्यावरून चाहत्यांत चार पक्ष पडले. त्यांच्या भूमिका सुट्या करून पाहिल्या तर प्रत्येकीमागे संहितेविषयीची एक निश्चित धारणा असल्याचे ध्यानात येते.

पहिला पक्ष म्हणतो, शेपर्डची कथा संपली. तिला हात लावू नये. हा पक्ष जुनेपणाचा अभिमानी म्हणून हिणवला जातो, पण त्याचा युक्तिवाद उलटा आहे. कथा जोवर पुढे जात नाही तोवरच सर्वांचे शेवट सारखे खरे राहतात. अनेकत्व टिकवायचे तर थांबले पाहिजे. दुसरा पक्ष 'विनाश' हाच शेवट प्रमाण मानावा म्हणतो. समाईक जग हवे असेल तर समाईक भूतकाळही पत्करला पाहिजे, हे त्याचे म्हणणे व्यवहार्य आहे. तिसरा पक्ष कथा इतक्या दूरच्या भविष्यात न्यावी म्हणतो की तिन्ही शेवटांचे ठसे काळाने पुसून टाकलेले असतील. चौथा पक्ष पूर्वीप्रमाणे प्रत्येकाची नोंद वाचून त्यानुसार जग घडवावे अशी मागणी करतो. हे आदर्श खरे, पण त्याचा अर्थ तीन निरनिराळे खेळ रचणे असा होतो. शिवाय त्या नोंदींचेही आयुष्य मर्यादित असते. २०२१ च्या मे महिन्यात तिन्ही भागांची नवी एकत्रित आवृत्ती निघाली, तेव्हा जुन्या खेळणाऱ्यांना आपला इतिहास पुन्हा पहिल्यापासून रचावा लागला.

यांतील दुसऱ्या पक्षाची भूमिका सर्वांत सोयीची असल्याने तिच्यातील अडचण उघड करून दाखविणे अगत्याचे आहे. ज्याने क्वेरियन आणि गेथ यांच्यात तह घडविला आणि मग गेथांचा बळी नको म्हणून 'विनाश' नाकारला, त्याला उत्तरभाग सांगणार की गेथ मेले. म्हणजे आपण जाणीवपूर्वक टाळलेल्या संहाराचा वारसा त्याच्या माथी येणार. कादंबरीत नायकाने केलेल्या पापाची लाज वाचकाला सहानुभूतीपुरती वाटते. येथे निर्णय त्याचा होता. तो निर्णय रद्द करणे म्हणजे केवळ कथानकातील फेरफार होत नाही. एका माणसाने विचारपूर्वक घेतलेली नैतिक भूमिका 'घडलीच नाही' असे म्हणणे होते. चाहत्यांच्या बोलण्यातील कडवटपणा अनेकदा बालिश वाटतो. त्याच्या मुळाशी हा अनुभव आहे, हे समीक्षकाने विसरता कामा नये.

७

मग वाचकाचा हक्क नेमका कोणता? पुढील कथा आपल्या मर्जीप्रमाणे व्हावी हा हक्क त्याला नाही. डॉयलच्या वाचकांना तो नव्हता आणि शेपर्डच्या खेळणाऱ्यांनाही नाही. ज्या कथेत वाचकाची मर्जी अगोदरच ठाऊक असते, ती त्याला काहीही नवे सांगू शकत नाही. कथा पुढे नेऊच नये असा हक्कही त्याला देता येणार नाही. लेखकाचे हात बांधून अनेकत्व राखणे म्हणजे मालिकेला संग्रहालयात ठेवणे होय. परंतु ज्या संहितेने वाचकाला सहकर्ता म्हणून बोलाविले, तिच्याकडून त्याच्या सहभागाची दखल मागण्याचा हक्क त्याला निश्चित आहे. दखल आणि मान्यता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कर्त्याने एक भूतकाळ निवडावा. मात्र निवडताना काय गमावले हे कथेला आठवत असावे.

हे कसे करता येईल याचा धागा या परंपरेतच सापडतो. २००४ च्या त्या उत्तरभागात भूतकाळ ऐकीव गोष्टीच्या रूपाने येतो आणि ऐकणारा ती दुरुस्त करू शकतो. चौथ्या पर्यायात मृतांच्या नोंदी पुढच्यांच्या हाती पडतात. म्हणजे कथेतील जगालाच इतिहासलेखन ठाऊक आहे, आणि जेथे इतिहासलेखन आहे तेथे साक्षींचा मतभेद आलाच. शतकानुशतके जगणारी लियारा ही तर व्यवसायाने पुरातत्त्वज्ञ आहे. तिच्या कोणा वारसाच्या तोंडून 'त्या दिवशी काय घडले याविषयी तीन परंपरा आहेत' असे एक वाक्य यावे, आणि ते केवळ शोभेचे न राहता पुढील घटनांना वळण देणारे ठरावे, यात अशक्य असे काही नाही. खऱ्या जगातही आपण एकाच भूतकाळातून आलो असलो तरी त्याच्या हकीकती अनेक असतात, आणि त्या सोडून न देता आपण पुढे जातो.

या वादाने समीक्षेपुढे ठेवलेले काम त्याहून मोठे आहे. आजवर आपण समाप्तीचा विचार संहितेच्या घाटाच्या अंगाने केला, आणि वाचकाचा विचार त्याच्या प्रतिसादाच्या अंगाने. ज्या कथाप्रकारात वाचकाची कृती हीच संहितेची घटक आहे, तेथे या दोन विचारांना वेगळे ठेवता येत नाही. समाप्ती हा तेथे कर्ता आणि वाचक यांच्यातील अधिकाराच्या वाटणीचा क्षण असतो, आणि उत्तरभाग हा त्या वाटणीचा फेरविचार. शेपर्डचे पुढे काय होणार हे ठरविण्याचे काम बायोवेअरचे आहे. हजारो वाचकांनी आपापल्या परीने जे घडविले ते कोणत्या अर्थाने 'घडले', याचा निवाडा मात्र कोणत्याही कंपनीवर सोपवून साहित्यविचाराला मोकळे होता येणार नाही.